लक्ष्मणरावांचे डोळे आणि शाळेचा फळा

जूनच्या मध्यास शाळा उघडतात आणि त्याच महिन्याच्या वीस तारखेस लक्ष्मणराव किर्लोस्करांची जयंती येते. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असावा, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. लक्ष्मणराव आठवतात ते लोखंडी नांगराचे कर्ते म्हणून आणि कुंडलच्या माळावर कारखाना व गाव उभे करणारा पुरुष म्हणून. सांगली-सातारा भागात तर ही कथा घरोघरी ठाऊक आहे. परंतु तिच्या आरंभीचे एक प्रकरण आपण एका वाक्यात उरकतो आणि पुढे जातो. हा थोर कारखानदार मुळात चित्रकार व्हावयास निघाला होता आणि डोळ्यांच्या एका उणिवेमुळे त्याला चित्रकलेचा वर्ग सोडावा लागला होता. शाळा उघडण्याच्या दिवसांत त्यांचे चरित्र वाचावयाचे तर या वाक्यापाशी थोडे थांबावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या खेड्यात झाला. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी. घरात विद्येला मान होता. पण धाकट्या मुलाचे मन शाळेच्या पुस्तकांत रमत नव्हते. त्याला दोनच गोष्टींचा नाद होता. एक चित्रे काढण्याचा आणि दुसरा यंत्रांशी खटपट करण्याचा. त्या काळच्या मध्यमवर्गीय घराच्या दृष्टीने हे दोन्ही नाद सारखेच निरुपयोगी होते. वडिलांचा विरोध असतानाही थोरले बंधू रामुअण्णा यांनी पाठिंबा दिला, पैशाचा भार उचलला आणि लक्ष्मणराव १८८५ साली मुंबईस येऊन जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. सोळा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यातील हा मोठा विजय होता. हवे ते शिकावयास मिळत होते आणि तेही देशातील नामांकित कलाशाळेत.

दोन वर्षे गेली आणि उमगले की, या विद्यार्थ्याला काही रंगांतील भेद ओळखता येत नाही. त्याचे डोळे अधू नव्हते. रेषा सुबक होती, प्रमाणाची जाण चोख होती, हात स्थिर होता. उणे होते ते एवढेच, की इतरांना जे दोन रंग सरळ सरळ वेगळे दिसत, ते त्याच्या डोळ्यांना तसे वेगळे दिसत नसत. चित्रकलेच्या वर्गात मात्र एवढी एक उणीव बाकीच्या सर्व गुणांवर बोळा फिरवावयास पुरेशी होती. लक्ष्मणरावांना रंगचित्राचा अभ्यास सोडणे भाग पडले.

आपण याला रंगांधळेपणा म्हणतो. शब्द रूढ आहे. पण तो फसवा आहे. असा मनुष्य रंगांना आंधळा नसतो आणि त्याचे जग काळे-पांढरेही नसते. डोळ्याच्या पडद्यावर रंगांची जाणीव करून देणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. त्यांपैकी एक प्रकार नसला किंवा सदोष असला, म्हणजे काही ठरावीक रंगांची गल्लत होते. बहुतेकांच्या बाबतीत ती तांबड्या-हिरव्याची असते. या गोष्टीचे पहिले शास्त्रीय वर्णन अणुसिद्धान्ताचा जनक जॉन डाल्टन याने १७९४ साली केले आणि ते स्वतःच्याच डोळ्यांवरून केले. त्याच्या मृत्यूनंतर जतन करून ठेवलेल्या डोळ्याची आनुवंशिक तपासणी थेट १९९५ साली झाली आणि त्याच्या निदानातील उणीवही भरून निघाली. हा दोष बहुधा जन्मजात असतो आणि मुलींपेक्षा मुलग्यांत कितीतरी अधिक आढळतो. याचे कारण असे, की तांबड्या-हिरव्याच्या जाणिवेची जनुके क्ष गुणसूत्रावर असतात आणि मुलाला ते एकच, आईकडून मिळते. म्हणून हा वारसा बहुधा आजोळचा असतो. आजोबांचा दोष आईमध्ये दिसत नाही आणि नातवात उमटतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत याचे प्रमाण सुमारे बारांत एक असे आहे. भारतातील पाहण्यांत ते याहून कमी आढळले आहे. तरीही तीस-चाळीस मुलगे बसलेल्या वर्गात असा एखादा असणे मुळीच नवलाचे नाही.

आता लक्ष्मणरावांकडे वळू. चित्रकलेचे दार मिटले, म्हणून ते गावी परतले नाहीत. त्यांनी यंत्रांच्या आरेखनाची कास धरली. चरित्रकथेत हे वळण नशिबाच्या फेऱ्यासारखे सांगितले जाते. वास्तविक त्यात एक साधे शास्त्र आहे. यंत्राच्या आराखड्यातील अर्थ रेषेत साठविलेला असतो. समोर दिसणारी कड अखंड रेषेने दाखवावयाची, आड गेलेली कड तुटक रेषेने, मध्य-अक्ष एक लांब व एक आखूड अशा तुकड्यांच्या रेषेने आणि कापलेला भाग तिरप्या रेघांनी. मापे आकड्यांत लिहावयाची. त्या काळी आराखड्यांत निरनिराळ्या धातूंना निरनिराळे रंग देण्याची चाल होती. पण तो रंग वरचा असे, आधार रेषेचा आणि आकड्याचाच असे. म्हणजे ज्या विद्यार्थ्याला एका कागदावर अपात्र ठरविण्यात आले होते, तोच विद्यार्थी दुसऱ्या कागदावर इतरांच्या बरोबरीने, किंबहुना त्यांच्यापेक्षा सरस ठरला. मधल्या काळात त्याचे डोळे बदलले नव्हते. बदलला होता तो समोरचा कागद.

अपंगत्व आणि शिक्षण यांविषयी आज जगभर जो विचार मांडला जातो, त्याचे सार या एका घटनेत आले आहे. उणीव माणसात असते हे अर्धसत्य झाले. ती उणीव अडथळा केव्हा होते, हे त्याच्यापुढे ठेवलेल्या साधनावर अवलंबून असते. पायरी आहे म्हणून चाकाची खुर्ची अडते. पुस्तक केवळ शाईत छापले आहे म्हणून अंध विद्यार्थी अडतो. तेच उठावाच्या ठिपक्यांत आले की तो वाचू लागतो. साहाय्यक साधन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर महागडी यंत्रे उभी राहतात. लक्ष्मणरावांच्या बाबतीत हे साधन होते तुटक रेषा आणि अखंड रेषा यांतील फरक. त्याला पैसाही पडला नाही.

पुढचा इतिहास सुपरिचित आहे, तरी तो या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगा आहे. १८८७ साली मुंबईत स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत लक्ष्मणराव आरेखनाचे शिक्षक झाले. तेथील कर्मशाळेत वाफेची इंजिने आणि इतर यंत्रे त्यांना जवळून हाताळावयास मिळाली. रामुअण्णांच्या साथीने बेळगावात १८८८ साली सायकलींचे दुकान निघाले आणि किर्लोस्कर बंधू हे नाव पाटीवर आले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली धाडावयाच्या आणि रामुअण्णांनी त्या विकून गिऱ्हाइकांना बसावयासही शिकवावयाचे, असा तो व्यवहार होता. संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्यास देण्यात आली. पहिल्या वेळी डोळ्यांनी दार मिटले होते, दुसऱ्या वेळी वंशाने. पहिल्या वेळी त्यांनी विषय बदलला. दुसऱ्या वेळी नोकरीच सोडली आणि १८९७ साली ते बेळगावास परतले.

बेळगावात त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र बनविले आणि त्यानंतर लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकले जावयास दोन वर्षे लागली. या दोन वर्षांत लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला अडाणी ठरवून धंदा गुंडाळला नाही. त्याच्या तक्रारी ऐकल्या, येथील बैल आणि येथील माती यांना पेलेल असा नांगर घडविला आणि तो शेतात चालवून दाखविला. वापरणाऱ्याला दोष न देता अवजारात दुरुस्ती करावयाची, ही त्यांची रीत. ती त्यांना कलाशाळेतल्या अनुभवाने शिकविली असे कोणी म्हटले, तर तो कल्पनाविलास होईल. पण दोन्ही ठिकाणचे तत्त्व एकच आहे, एवढे निश्चित म्हणता येते.

बेळगावातील कारखान्याची जागा सोडण्याची पाळी आली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. कुंडल रोड स्टेशनाजवळची बत्तीस एकर जमीन आणि बिनव्याजी कर्ज त्यांनी देऊ केले. जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला, सापांनी बुजबुजलेला माळ. १९१० साली थोड्याशा कामगारांनिशी आणि त्यांच्या कुटुंबांनिशी लक्ष्मणराव तेथे उतरले आणि किर्लोस्करवाडी वसली. आज औंध सातारा जिल्ह्यात आहे आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात. त्या वेळी दोन्ही एकाच संस्थानच्या मुलखात होती. यात एक योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. बाळासाहेब स्वतः चित्रकार आणि कलेचे मोठे रसिक होते. औंधचे चित्रसंग्रहालय ही त्यांचीच देणगी. चित्रकलेच्या वर्गातून बाहेर पडावे लागलेल्या माणसाला कामासाठी भूमी मिळाली, ती एका चित्रकार राजाकडून.

या वाडीत लक्ष्मणरावांनी माणसे कशी निवडली, हेही पाहावयास हवे. शिवाशिव त्यांनी चालू दिली नाही. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी राखणदार म्हणून नेमले आणि त्यांच्यावर विश्वास टाकला. शाळेच्या परीक्षांत ज्यांचा निभाव लागला नव्हता, अशांतील काही जण तेथे जबाबदारीच्या जागांवर पोचले. माणसाच्या माथी एकदा शिक्का बसला की तो कायमचा, हे त्यांना मान्य नव्हते. या धोरणात दयेपेक्षा व्यवहार अधिक होता. ज्याला जे येते ते त्याच्याकडून करवून घ्यावयाचे आणि जे येत नाही त्याचा बाऊ करावयाचा नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत याला मनुष्यबळाचा काटकसरीने वापर म्हणता येईल.

नांगराबरोबर उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, पंप अशी अवजारे येथून बाहेर पडू लागली. १९२० साली मंडळी मर्यादित झाली आणि त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघाले. पुढे किर्लोस्कर या नावाने त्याने मराठी वाचकाची दीर्घ सेवा केली. याच कारखान्याचे नांगर खपविण्यासाठी काही काळ खेडोपाडी हिंडलेला एक तरुण म्हणजे भाऊराव पाटील. त्या हिंडण्यात खेड्यातील अज्ञान त्यांनी डोळ्यांनी पाहिले. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली तिचे ठाणे साताऱ्यास हलविले. या दोन जिल्ह्यांतील लक्षावधी मुले ज्या शाळांतून शिकली, त्या शाळांच्या पूर्वेतिहासात लक्ष्मणरावांचा नांगर असा कोठेतरी आहेच. म्हणून त्या शाळांनी लक्ष्मणरावांच्या डोळ्यांची आठवण ठेवावी, ही अपेक्षा अगदीच परकी नाही.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले. चरित्र येथे संपते. पण त्यातून घ्यावयाचा धडा नीट तपासून घेतला पाहिजे. सर्वसाधारणपणे जो घेतला जातो तो असा, की संकट आले तरी माणसाने खचू नये, कारण त्यातूनच भाग्य उदयास येते. हा धडा चुकीचा नाही. पण अपुरा आहे, आणि शिक्षकाच्या तोंडी तर तो धोक्याचा आहे. ज्यांना वर्गातून उठावे लागले त्यांच्यापैकी एक लक्ष्मणराव झाला, म्हणून उठविणे योग्य ठरत नाही. लक्ष्मणरावांच्या मागे खर्च उचलणारा भाऊ होता. ते मुंबईत होते आणि रेषेवर चालणारी दुसरी विद्या त्यांच्या हाताशी होती. यांतील एखादी गोष्ट नसती, तर गुर्लहोसूरला परतलेला आणखी एक अपयशी मुलगा एवढीच त्यांची गणना झाली असती. आपल्याला दिसतात ते तरून गेलेले. बुडालेल्यांची यादी कोणी ठेवीत नाही.

आणि हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातच राहिला, असेही नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट व दूरचित्रवाणी संस्थेच्या बारा अभ्यासक्रमांपैकी सहांची दारे अशा विद्यार्थ्यांना अगदी अलीकडेपर्यंत बंद होती. २०१५ साली चित्रपट-संकलनासाठी निवड झालेल्या एका विद्यार्थ्यास याच कारणाने प्रवेश नाकारण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयात त्याला यश आले नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तज्ज्ञांची समिती नेमली गेली आणि एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने या विद्यार्थ्यांना सर्व अभ्यासक्रमांची दारे खुली करावयास सांगितले. संकलनाच्या अभ्यासक्रमात रंगांचा मेळ जमविण्याचा जो छोटासा भाग आहे, तो वगळावा किंवा ऐच्छिक करावा, अशी समितीची शिफारस होती. एवढ्याशा दुरुस्तीने जो अडसर निघाला, तो काढावयास सात वर्षे लागली. लक्ष्मणरावांनी कलाशाळेतील रंगचित्रे सोडली तेव्हापासून मोजावयाचे, तर १३५ वर्षे.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्र शिकवितो, आणि अर्थशास्त्राचा तास म्हणजे आलेखांचा तास. काही वर्षांपूर्वी वर्गातला जुना काळा फळा जाऊन हिरवा फळा आला. त्यावर मी मोठ्या हौसेने रंगीत खडू वापरू लागलो. मूळ मागणीवक्र लाल खडूने, सरकलेला वक्र हिरव्या-पोपटी खडूने, समतोलाचे बिंदू नारिंगी. एक विद्यार्थी वहीत नेहमी वक्रांची अदलाबदल करी. तोंडी विचारले तर सिद्धान्त अचूक सांगे. आलेखावरून उत्तर द्यावयाचे झाले की गोंधळे. मी त्याला निष्काळजी ठरविले, दोन-चार वेळा वर्गासमक्ष बोललोही. वर्ष संपता संपता त्याने संकोचाने सांगितले, की लाल खडूची रेघ त्याला त्या फळ्यावर जेमतेम दिसते आणि कोणता वक्र कोणता हे तो शेजाऱ्याच्या वहीवरून ठरवितो. त्याच्या आईचे वडीलही झाडावरच्या पिकल्या मिरच्या चटकन ओळखू शकत नसत. आजोबांच्या शेतात हे सर्वांना ठाऊक होते आणि त्याचे कोणाला काही वाटत नव्हते. माझ्या वर्गात मात्र तो दोष परीक्षेच्या गुणांत उतरला होता. दुसऱ्या दिवसापासून मी पांढरा खडू हाती घेतला. मूळ वक्र अखंड, सरकलेला तुटक आणि प्रत्येकाच्या टोकाशी त्याचे नाव. फायदा त्याचा झालाच. पण शेवटच्या बाकांवरील ज्यांना कसलाही दृष्टिदोष नव्हता, त्यांनीही आता आलेख नीट दिसतो असे सांगितले.

या अनुभवाने एका आर्थिक बदलाकडे माझे लक्ष वेधले. पूर्वी पाठ्यपुस्तके बहुधा एकाच शाईत छापली जात. नकाशातील प्रदेश दाखवावयास चित्रकाराला ठिपके, आडव्या रेघा, तिरप्या रेघा, चौकटी यांचा आधार घ्यावा लागे. स्तंभालेखातील प्रत्येक स्तंभाची वीण वेगळी असे. हे सारे काटकसरीपोटी होते. पण त्या काटकसरीने रंगांत गल्लत करणाऱ्या मुलाची सोय आपोआप होत होती. रंगीत छपाई स्वस्त झाली, पुस्तके देखणी झाली आणि त्या रेघा-ठिपक्यांना अनेक ठिकाणी निरोप मिळाला. मातीचे प्रकार, पर्जन्यमान, लोकसंख्येची घनता हे सारे आता पुष्कळदा रंगछटांनीच सांगितले जाते. ही प्रगती आहे, तिला विरोध करण्याचे कारण नाही. पण प्रगतीचा खर्च कोणाच्या खाती पडला हे पाहणे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचे काम आहे. तो पडला आहे तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाच्या खाती, आणि बहुधा त्याला स्वतःलाही ते ठाऊक नाही. जन्मापासून जग तसेच दिसत असल्याने आपल्याला काही कमी दिसते, हे त्याला कळावे तरी कसे?

शाळेने काय करावयाचे, याचे उत्तर लक्ष्मणरावांच्या आराखड्यात आहे. जेथे रंगाने अर्थ सांगितला असेल, तेथे दुसरी एक खूण ठेवावी. नकाशातील तालुक्यांवर आकडे घालावेत. आलेखातील रेषांची वीण वेगळी ठेवावी. तेलखडूंच्या वेष्टनावर रंगाचे नाव मराठीत ठळक लिहावे. पहिलीच्या बाईंना हे काम एका दुपारचे आहे. गृहपाठाच्या वहीत चूक लाल शाईने दाखविताना तिच्याखाली रेघही ओढावी. विज्ञानाच्या प्रयोगात द्रावणाचा रंग पालटला की नाही, हे जोडीदाराने सांगितले तर बिघडत नाही. जेथे आम्लता मोजणारे उपकरण आहे तेथे आकडा वाचता येतो. तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलाने तारांच्या टोकांना आकड्यांच्या पट्ट्या लावाव्यात. समोरच्या वस्तूचा रंग शब्दांत सांगणारी सोय आता मोबाईलवरही मिळते. रंगीत काचांच्या महागड्या चष्म्यांनी काही रंगांतील भेद थोडा उठून दिसतो. पण त्यांनी सर्वसाधारण रंगदृष्टी येत नाही, हे पालकांनी ध्यानात घ्यावे आणि खर्चापूर्वी नेत्रतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

याआधी एक पायरी आहे, ती तपासणीची. शिनोबू इशिहारा या जपानी नेत्रतज्ज्ञाने १९१७ साली रंगीत ठिपक्यांच्या चकत्यांची कसोटी प्रसिद्ध केली. ती आजही जगभर चालते. आकडे न ओळखणाऱ्या लहान मुलांसाठी तिच्यात बोटाने गिरवावयाच्या वळणदार वाटाही आहेत. एका मुलाला फार तर चार-पाच मिनिटे लागतात. असे एक पुस्तक शाळांच्या एका गटाला वर्षानुवर्षे पुरेल. अक्षरांच्या तक्त्यावरची दृष्टी तपासून ही मुले सापडत नाहीत, कारण अक्षरे त्यांना उत्तम दिसतात.

सातारा-सांगली भागाला या तपासणीची विशेष गरज आहे. सैन्याची परंपरा सांगणारे अपशिंगे गाव साताऱ्याचेच. येथील खेड्यांतील शेकडो तरुण पहाटे उठून धावण्याचा सराव करतात. सैन्य, पोलीस, रेल्वे यांतील अनेक पदांना रंगदृष्टीची अट असते. सिग्नलचा तांबडा दिवा ओळखण्यावर जेथे प्रवाशांचे प्राण अवलंबून आहेत, तेथे ती असावयासही हवी. परंतु तीन-चार वर्षे घाम गाळून, अकादमीची फी भरून, लेखी व मैदानी परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर वैद्यकीय तपासणीत विसाव्या-बाविसाव्या वर्षी हा दोष प्रथम कळावा, ही शाळेची अक्षम्य हयगय होय. आठवीत कळले असते तर त्या मुलाने दुसरी वाट धरली असती. लक्ष्मणरावांना अठराव्या वर्षी कळले आणि दुसरी वाट जवळच होती, म्हणूनच पुढचा इतिहास घडला.

कायद्याकडे पाहिले तर २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या परिशिष्टात एकवीस प्रकारच्या अपंगत्वांची नोंद आहे. तीत रंगदृष्टीचा दोष नाही. म्हणजे या मुलाच्या हाती प्रमाणपत्र नाही आणि म्हणून सवलतही नाही. तो अपंगांत मोडत नाही आणि अनेक नोकऱ्यांना धडधाकट म्हणूनही चालत नाही. त्याला त्या यादीत घालावे की नाही, याविषयी मतभेद होऊ शकतील. आरक्षण आणि साहाय्य यांचे मर्यादित साधन अधिक गरजूंना मिळाले पाहिजे, हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण तेलखडूवर नाव लिहावयास कोणते प्रमाणपत्र लागते? ज्या सोयीचा खर्च जवळजवळ शून्य आणि लाभ साऱ्या वर्गाला, तिच्यासाठी शासननिर्णयाची वाट पाहणे म्हणजे आळसाला नियमाचे नाव देणे होय.

येत्या वीस जूनला लक्ष्मणरावांच्या तसबिरीला हार घातले जातील, भाषणे होतील. ज्या शाळांना त्यांचे स्मरण खरोखर करावयाचे असेल, त्यांनी त्या दिवशी वर्गातील नकाशे भिंतीवरून उतरवून त्यांवर आकडे घालावेत आणि आठवीच्या मुलांपुढे ठिपक्यांचे ते पुस्तक ठेवावे. त्यात एखाद्याला आकडा दिसला नाही, तर त्याच्या पालकांना बोलावून शांतपणे सांगावे, की मुलगा हुशार आहे, त्याच्या डोळ्यांना दोन रंग सारखे दिसतात, आणि आजपासून आमचा फळा त्याप्रमाणे लिहिला जाईल.